तारा लावलेले दात आणि दोन ब्रशमधली दुपार

दातांना तारा लावून आणलेल्या लेकराच्या आईचा प्रश्न विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात साधारण एकच असतो. "सकाळ-संध्याकाळ घासाले लावतो जी, पण पोट्टी दिवसभर शाळेत रायते, तिथं कवा ब्रश करन?" यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करायचा. उत्तर चूक नाही. पण सकाळच्या एसटीने निघून दिवस मावळताना परतणाऱ्या, मधल्या सुट्टीत एकाच नळावर गर्दीत हात धुणाऱ्या मुलीला ते पाळता येत नाही, आणि जे पाळता येत नाही ते चार दिवसांत सुटतं. तिला आधी हे समजावून सांगायला हवं, की दुपारी तोंडात दोन निरनिराळ्या गोष्टी साचतात. त्यातली एक साध्या पाण्याने निघते, दुसरी निघत नाही.

पाण्याने निघतं ते अडकलेलं अन्न. न निघणारा असतो तो जीवाणूंचा पातळ, चिकट थर. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात.

हा थर पहिल्यांदा नीट पाहिला तो हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेवेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने. लंडनच्या रॉयल सोसायटीला 1683 साली लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, चूळ भरतो, काडीने दाढा कोरतो आणि फडक्याने पुसतोही. दात लख्ख, हिरड्या घट्ट. तरीही दातांच्या मधे थोडं पांढरं, पिठासारखं काहीतरी उरतंच. ते पावसाच्या पाण्यात कालवून त्याने आपल्या भिंगाखाली धरलं, तर त्यात असंख्य जीव वळवळत होते. ज्याच्या तोंडात तार नव्हती आणि जो इतकी निगा राखत होता, त्याची ही गत.

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा दातावर बसतो. पुढच्या काही तासांत जीवाणू त्याला येऊन चिकटतात. त्यांतला 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हा 1924 साली ब्रिटनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केला. साखर मिळाली की तो दोन कामं करतो. तिच्यापासून आम्ल बनवतो आणि स्वतःला जागेवर धरून ठेवणारा डिंकही बनवतो. म्हणून हा थर हौदाच्या भिंतीवरच्या शेवाळासारखा असतो. वरून कितीही पाणी ओता, घासल्याशिवाय तो सुटत नाही.

आता तारांचं. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागे. 1955 साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं, की दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं टणक कवच, फॉस्फोरिक आम्लाने किंचित खरबरीत केलं तर त्याला प्लास्टिकसारखी रेझिनं घट्ट धरतात. त्याच वाटेने पुढे दातावर थेट चिकटवायचे छोटे चौकोनी तुकडे आले. डॉक्टर त्यांना ब्रॅकेट म्हणतात, गावात सगळे क्लिप म्हणतात. दात दिसायला मोकळे झाले, पण प्रत्येक क्लिपच्या चारही कडांना एक खाच आली. वरून तार आणि ती बांधून ठेवणाऱ्या रबरी रिंगा. जीभ आणि गाल एरवी दात पुसत असतात, त्यांना इथे पोचता येत नाही. सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे क्लिप आणि हिरडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. पांढरे डाग बहुतेक तिथेच उमटतात, आणि निष्काळजीपणा असेल तर महिनाभरातसुद्धा. उपचार दीड-दोन वर्षं चालणार असतो, हे लक्षात घ्या.

हिरड्यांचंही तसंच. 1965 साली हराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं, तशा त्या आठवडाभरात पूर्ववत झाल्या. तारा लागल्यावर पोरगी म्हणते, "ब्रश केला की रक्त येते, म्हणून तिथं घासत नाही." नेमकं तिथेच घासायला हवं असतं, हलक्या हाताने.

म्हणजे थर काढायचं काम दिवसातून दोनदा, त्यातही रात्री, निवांत बसून करायचं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे रात्रीचा ब्रश चुकला तर ते दुपारच्या चुकण्यापेक्षा महाग पडतं. मग दुपारी काय उरतं? दुपारी सांभाळायचं ते आम्ल.

गोड किंवा पिठूळ काही तोंडात गेलं की काही मिनिटांत प्लाकमधला सामू (पीएच) खाली येतो, म्हणजे आम्ल वाढतं. तो साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ हळूहळू सामू वर आणते, गेलेली खनिजं काही प्रमाणात परत भरते. याला अर्धा ते एक तास लागतो. हा चढउतार अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात मोजून दाखवला. त्यामुळे एक गुळाची चिक्की जेवणासोबत संपवली तर दात एकदा आम्लात बुडतो. तीच चिक्की दप्तरात ठेवून तासातासाने तुकडा तोडला, तर दुपारभर बुडालेला राहतो. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे 1945 ते 1955 दरम्यान बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयातल्या लोकांवर यासाठी प्रयोग झाले. असहाय माणसांचे दात मुद्दाम किडू देणारा तो प्रयोग आज कुणी करू धजणार नाही, करूही नये. पण त्यातून निघालं ते हेच, की साखर किती खाल्ली यापेक्षा ती जेवणांच्या मधे किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली, यावर कीड जास्त अवलंबून असते.

या हिशेबाने आपल्याकडचं खाणं पाहिलं तर गंमत आहे. ज्वारीची भाकरी फार निरुपद्रवी; चावावी लागते, म्हणून लाळ सुटते आणि तिचे कण चुळीने निघतात. अंबाडीच्या भाजीचे धागे आणि सांबारवडीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, तारेला गुंडाळून बसतात. दिसायला वाईट, पण दाताला त्यांचा त्रास थोडा. हुरड्याचं तूस आणि जवसाच्या चटणीतलं जवस क्लिपच्या कडेला जाऊन बसतं आणि सहज दिसतही नाही. खरी पंचाईत चहात बुडवलेल्या बिस्किटाची आणि कुरकुऱ्या पाकिटांची. माणसाला वाटतं गोळी-चॉकलेट जास्त चिकटतं, पण भाजलेल्या-तळलेल्या पिठाचा लगदा दातांच्या खाचांत त्याहून जास्त वेळ टिकतो आणि लाळेतलं अमायलेज त्यातल्या स्टार्चची साखर करत राहतं. ऊस दाताने सोलणं, फुटाणे, बोरं हे तर क्लिपच उखडतात, ते दीड-दोन वर्षं विसरावं. उन्हाळ्यात रसवंतीचा रस प्यायचा तर एका बैठकीत प्यावा, बाटलीत भरून घोटघोट नको. चाळीस-पंचेचाळीसच्या पाऱ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, लाळही कमी सुटते.

आता शाळेतली पोरगी. खिचडी खाऊन झाली की पाण्याचा मोठा घोट घ्यायचा, ओठ मिटून गाल फुगवत तो तारांच्या मधून जोरात इकडून तिकडे फिरवायचा आणि थुंकायचा. असं तीन-चारदा. पाणी बोरिंगचं असो की खारपाण पट्ट्यातलं खारट, चुळीपुरता फरक पडत नाही. याने अन्न निघतं आणि आम्ल पातळ होतं. दुपारचं काम बरंचसं यातच होतं.

उरलेलं काढायला इंटरडेंटल ब्रश घ्यावा. बोटाएवढ्या दांडीला बाटली धुवायच्या ब्रशासारखं बारीक टोक असतं, टोपण लावून कंपासपेटीत मावतो. दोन क्लिपांच्या मधून तारेखाली घालायचा, हिरडीच्या बाजूने खाली-वर चार वेळा. पेस्ट लागत नाही. थर मोडतो तो घासण्याने. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळाला नाही तर तार घट्ट करायला जाल तेव्हा दवाखान्यातूनच मागून घ्या. केस वाकडे झाले की बदलायचा. पाण्याचा फवारा मारणारी यंत्रं अन्न छान काढतात, पण ब्रशची जागा घेत नाहीत. त्यांवर पैसे मी तरी खर्चणार नाही. टाचणी, सुई, बाभळीचा काटा यांनी मात्र कधीही कोरू नये. हिरडी फाटते, तार वाकते. निंबाची काडी तारेखाली पोचत नाही, ती उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवावी. गुडाखू आणि मशेरीत तंबाखू असते, त्यामुळे तारा असोत-नसोत, ती नकोच. दहावी-बारावीतल्या पोरांच्या खिशातला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, हा याहून मोठा विषय आहे. त्यातली सुपारी क्लिपा तर पाडतेच, पुढे तोंड उघडणंही अवघड करून ठेवते.

संत्र्याच्या दिवसांत वरुड-मोर्शीकडे किंवा काटोल-नरखेडला पोरं बागेत येता-जाता फोडी खातात. संत्र्यात आम्ल स्वतःचंच असतं. खाल्ल्यावर लगेच ब्रश केला तर मऊ झालेलं एनॅमल झिजतं. आधी चूळ, ब्रश अर्ध्या तासाने. रात्रीच्या ब्रशनंतर मात्र उलटं करायचं. आपल्याला खळखळून चुळा भरल्याशिवाय चैन पडत नाही, पण त्याने पेस्टमधलं फ्लोराइड धुऊन जातं. फेस नुसता थुंकून टाकावा.

पिवळ्या पडलेल्या रबरी रिंगा पाहून आया पोरींना रागावतात. तो मळ नसतो, वरणातल्या हळदीचा रंग असतो. घासून जात नाही, पुढच्या खेपेला रिंगा बदलल्या की जातो.

पांढऱ्या डागांबद्दल एक गोंधळ इथे नेहमी होतो. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांचे दात हिरडीत घडत असतानाच त्यांवर पांढरे-तपकिरी पट्टे पडतात. हे पट्टे डाव्या-उजव्या दातांवर सारखे, दातभर आडवे पसरलेले असतात. तारांमुळे आलेला डाग क्लिपच्या कडेने, हिरडीच्या बाजूला असतो आणि खडूसारखा मंद दिसतो. तारा लावायच्या आधी खिडकीच्या उजेडात मोबाइलवर दातांचे फोटो काढून ठेवले, तर जुना डाग कोणता आणि नवा कोणता हा वाद उरत नाही. नवा दिसला तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट न पाहता दाखवावा. या अवस्थेत खनिज आतून गेलेलं असतं, पण वरचा पापुद्रा शाबूत असतो. फ्लोराइडचा लेप आणि नीट घासणं एवढ्यावर डाग बहुधा तिथेच थांबतो. खड्डा पडल्यावर मात्र सिमेंट भरावं लागतं.