मांडीत जोर किती? आधी कोन सांगा

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांना फिजिओ पलंगाच्या कडेला बसवतो, पाय खाली सोडायला लावतो आणि म्हणतो, "आता गुडघा सरळ करा." पाय उठतो, अर्ध्याच्या वर आरामात जातो आणि अगदी सरळ होणार असं वाटत असतानाच थांबतो. फिजिओने टाचेखाली हात घालून उचलला तर तोच पाय पूर्ण सरळ होतो. म्हणजे सांधा कुठे अडलेला नाही. स्वतःच्या जोरावर मात्र शेवटचे दहा-पंधरा अंश काही जमत नाहीत. याला फिजिओ 'लॅग' म्हणतात. घरच्यांना वाटतं, काका अंग चोरतायत. खरं तर काकांच्या मांडीला त्या दहा-पंधरा अंशांतच सगळ्यात महाग काम पडलेलं असतं.

किती महाग, हे १९६८ साली लीब आणि जॅकलिन पेरी या अमेरिकी संशोधकांनी मोजलं. शस्त्रक्रियेत कापून काढाव्या लागलेल्या पायांवर त्यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूचा, म्हणजे क्वाड्रिसेप्सचा, एकेक भाग वेगळा ओढून पाहिला. गुडघा शेवटचे १५ अंश सरळ करायला स्नायूला सुमारे ६० टक्के जादा जोर लावावा लागतो, असं त्यांना दिसलं. तोवर समज असा होता की हे शेवटचं काम मांडीच्या आतल्या बाजूचा, वाटीच्या वर फुगलेला भाग एकटा करतो. त्यांच्या प्रयोगात तो भाग एकट्याने गुडघा सरळ करू शकला नाही. त्याच्या तिरप्या धाग्यांचं काम वाटी जागेवर धरून ठेवण्याचं निघालं. तरी 'आतला स्नायू खास शेवटच्या अंशांसाठी' हा समज जिमपासून दवाखान्यापर्यंत अजून टिकून आहे.

जादा जोर का लागतो? एक कारण स्नायूच्या आत आहे. स्नायूच्या धाग्यात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून पाहा. टोकं जेमतेम भिडली असतील तर पकड नाही, आणि बोटं मुळापर्यंत घुसली असतील तर आणखी आत सरकायला जागा नाही. पकड आणि जागा दोन्ही मधल्या पल्ल्यात मिळतात. १९६६ साली गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका स्नायूधाग्यावर हेच आकड्यांत मांडलं. धाग्यातल्या एका घटकाची, सार्कोमिअरची, लांबी २.० ते २.२ मायक्रोमीटर असताना जोर पूर्ण. त्याहून आखूड किंवा लांब झाला की जोर उतरतो, आणि ३.६५ च्या आसपास शून्य होतो. माणसाच्या धाग्यांचे आकडे थोडे वेगळे आहेत, आलेखाचा आकार मात्र तोच. गुडघा सरळ होत जातो तसा क्वाड्रिसेप्स आखडत जातो आणि या आलेखाच्या आखूड बाजूला येतो, जिथे जोर उतरलेला असतो.

दुसरं कारण गुडघ्याची वाटी. स्नायूचा कंडरा सांध्याच्या मध्यापासून जितका लांब, तितका तोच जोर गुडघा जास्त ताकदीने फिरवतो. वाटी कंडऱ्याला पुढे उचलून हे अंतर वाढवते. वाटीचा चुरा झाला की ती काढून टाकायची, अशी एके काळी पद्धत होती. अशा रुग्णांचा गुडघा सरळ करण्याचा जोर कायमचा घटायचा. हे अंतर सगळ्या कोनांत सारखं नसतं. गुडघा थोडा वाकलेला असताना ते जास्त असतं, आणि पाय पूर्ण सरळ होताना पुन्हा कमी होतं. त्यात बसलेल्या माणसाची पोटरी आडवी झाली की तिचं वजनही सगळ्यात जास्त जाणवतं. तीन अडचणी एकाच ठिकाणी गाठतात.

म्हणून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर माणसाला बसवून गुडघ्याचा कोन बदलत नेला (पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य अंश), तर बहुतेकांचा सर्वाधिक जोर ६० ते ७० अंशांच्या आसपास मिळतो. दोन्ही बाजूंना तो उतरतो. 'उजव्या मांडीत इतका जोर' असं रिपोर्टवर लिहिलं असेल आणि शेजारी कोन नसेल, तर महिन्याभराने दुसऱ्या कोनात घेतलेल्या मापाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

इथवर स्नायूची बाजू झाली. पण स्नायू कितीही चांगला असला तरी मेंदू आणि मज्जारज्जूकडून हुकूम पूर्ण यावा लागतो, आणि तो येतोच असं नाही. हे तपासायची युक्ती पी. ए. मर्टन यांनी १९५४ मध्ये अंगठ्याच्या स्नायूवर वापरली. माणसाने सगळा जोर लावलेला असताना स्नायूच्या नसेला विजेचा एक छोटा झटका द्यायचा. जोर आणखी वाढला, तर काहीतरी शिल्लक होतं. गुडघ्यावर हीच परीक्षा वेगवेगळ्या कोनांत घेतली की शिल्लकही बदलते. कुठल्या कोनात किती, यावर प्रयोगशाळांचं अजून एकमत नाही. त्वचेवर चकत्या चिकटवून स्नायूची वीज मोजणाऱ्या ईएमजीचा आलेख पाहून "इथे स्नायू जास्त काम करतोय" म्हणणाऱ्यांपासून तर जरा जपूनच. सांधा हलला की चकतीखालचा स्नायूही सरकतो, आणि आखडलेला स्नायू भरपूर वीज दाखवूनही जोर कमीच देऊ शकतो.

एका गोष्टीवर मात्र फारसा वाद नाही. गुडघ्यात पाणी झालं की क्वाड्रिसेप्सचा हुकूम तुटतो. १९८४ मध्ये स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी निरोगी गुडघ्यात सलाइन भरून पाहिलं. आतल्या बाजूचा स्नायू मंदावायला २० ते ३० मिलिलिटर पुरेसं झालं, म्हणजे चार ते सहा चहाचे चमचे. बाहेरचा भाग आणि मधला लांब भाग मंदावायला ५० ते ६० मिलिलिटर लागलं. दुखत असो वा नसो, सांध्यातला ताण मज्जारज्जूला कळतो आणि तो स्नायूचा हुकूम परस्पर अडवतो. सुजलेल्या गुडघ्यातला दाब सुमारे ३० अंश वाकवल्यावर सगळ्यात कमी असतो, म्हणून पेशंट नकळत गुडघ्याखाली उशी घेतो. बरं वाटतं, पण तसाच दिवस-दिवस राहिला तर गुडघा वाकलेलाच आखडतो. त्यामुळे ऑपरेशननंतर वॉर्डात नर्स ती उशी काढून टाचेखाली सरकवतात.

आता खुब्याकडे. क्वाड्रिसेप्सच्या चार भागांपैकी तीन फक्त गुडघा ओलांडतात. चौथा, रेक्टस फेमोरिस, खुब्याच्या वरून येतो, म्हणून कंबरेत वाकलात की तो वरच्या टोकाकडून आखडतो. खुर्चीत ताठ बसून एक पाय पूर्ण सरळ करा आणि तसाच धरा. मग हात मागे टेकून धड मागे झुकवा. पाय हलका वाटेल. थोडं श्रेय मांडीमागचे स्नायू सैल पडण्याचं, थोडं रेक्टसला लांबी परत मिळण्याचं. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनवर, म्हणजे बसून वजनासकट गुडघा सरळ करायच्या यंत्रावर, शेवटच्या उचलीला मंडळी मागे रेलतात आणि ट्रेनर ओरडतो. शिस्तीपुरता तो बरोबर असेल, पण रेलणाऱ्याच्या अंगाला यांत्रिकी कळते.

मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचं गणित उलटं. एक छोटा भाग सोडला तर हे स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडतात. पालथं पडून टाच कुल्ल्याला जोरात लावायला गेलात तर मांडीमागे गोळा येतो, कारण स्नायू दोन्ही टोकांकडून आखडलेला असतो. बसून तेच केलं तर खुबा वाकल्यामुळे तो लांबलेला राहतो. २०२१ मध्ये माएओ आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये २० जणांचा एक पाय बसून आणि दुसरा पालथं झोपून १२ आठवडे व्यायामाला लावला. बसून केलेल्या पायात हॅमस्ट्रिंगचं आकारमान १४ टक्के वाढलं, पालथ्या पायात ९ टक्के. माणूस तोच आणि व्यायामही तोच, बदलला तो फक्त खुब्याचा कोन.

आणि आपल्या तालमीतल्या बैठका? खाली जाताना खुबा आणि गुडघा एकदमच वाकतात. रेक्टस गुडघ्याकडून ताणला जातो तितक्यात खुब्याकडून सैल पडतो, त्यामुळे त्याची लांबी फारशी बदलत नाही. हॅमस्ट्रिंगचंही तेच. २०१९ मध्ये कुबो आणि सहकाऱ्यांनी वजन घेऊन पूर्ण आणि अर्ध्या बैठका मारणाऱ्यांच्या मांड्या एमआरआयने मोजल्या. क्वाड्रिसेप्सचे बाकीचे तीन भाग वाढले, रेक्टस आणि हॅमस्ट्रिंग जवळपास होते तिथेच राहिले. पूर्ण खाली जाणाऱ्यांचे कुल्ले आणि मांडीच्या आतले स्नायू मात्र अर्ध्या बैठकवाल्यांपेक्षा जास्त भरले. तेव्हा बैठका जरूर मारा, पूर्ण मारा. रेक्टस हवा असेल तर धड मागे रेलून गुडघा सरळ करायचा व्यायाम, आणि हॅमस्ट्रिंग हवे असतील तर बसून टाच मागे ओढायचा व्यायाम, वेगळा करावा लागेल.