ॲप्टनं घातलेलं पायथन पॅकेज आणि पिपनं घातलेलं

तासगावला मामांच्या बेदाणा शेडमध्ये एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, टांगलाय. डीएचटी २२ सेन्सरवरून दर १० मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता टिपायची, एवढंच त्याचं काम. बुल्सआय या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बिचारा निमूट चालत होता. कार्ड पुसून तिची पुढची आवृत्ती बुकवर्म टाकली, सवयीनं पिप इन्स्टॉल मारलं, तर समोर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' ही एरर: इथली पॅकेजेस दुसरं कुणीतरी सांभाळतंय, पिपनं हात लावू नये.

पिप बिघडलं असं वाटतं, पण तसं नाही. ॲप्ट हा सिस्टिमचा पॅकेज आणणारा, पिप पायथनचा; दोघेही पॅकेजच आणतात, म्हणून आपण त्यांना एकाच मापानं मोजत आलो. ॲप्ट डेबियनच्या (पायची सिस्टिम ज्यावर उभी आहे त्या लिनक्सच्या) भांडारातून आणतो: आवृत्ती थोडी जुनी, पण बाकी सगळ्या सिस्टिमशी जुळवून पाहिलेली. पिप पायपीआय या पायथन पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारावरून लेखकाची ताजी आवृत्ती आणतो. (पायवर जोडीला पायव्हील्स असतं. तिथं तयार बांधलेली पॅकेजेस मिळतात, म्हणून कंपाइल होत तासन्‌तास बसावं लागत नाही.)

पूर्वी सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, पिप चालवलं की माल थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये जायचा आणि ॲप्टच्या आवृत्तीवर कुरघोडी करायचा. त्याच पायथनवर चालणारं सिस्टिमचं एखादं साधन मग अचानक कोलमडायचं. पेप ६६८ हा पायथनचा नियम आला तो यासाठी, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून (बुकवर्म म्हणजे हेच) पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये मज्जाव झाला. 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय देऊन दार ढकलता येतं. नावातच काय होणार ते लिहिलंय, तरी लोक बिनधास्त ढकलतात.

नावंही दगा देतात. सिरियल पोर्टसाठी ॲप्टमध्ये 'पायथन३-सिरियल', पिपमध्ये 'पायसिरियल', आणि कोडमध्ये इम्पोर्ट नुसतं 'सिरियल'. पिपला नुसतं 'सिरियल' सांगितलंत तर भलतंच पॅकेज येतं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

माझा नियम सोपा आहे: आधी ॲप्टमध्ये शोधायचं. ॲडाफ्रूट कंपनीची डीएचटीची लायब्ररी तिथं मिळाली नाही, म्हणून व्हेन्व्ह, म्हणजे पिपसाठी पायथनची वेगळी खोली, केलं, तेही 'सिस्टिम साइट पॅकेजेस'चा पर्याय देऊन. त्यामुळं सिस्टिममध्ये आधीपासून असलेलं जीपीआयओझीरो (पायच्या पिना हाताळणारं पॅकेज) आतूनही दिसतं. व्हेन्व्हमध्ये पिपच्या आधी सुडो मात्र लावायचा नाही. लावला की ते पुन्हा सिस्टिमच्याच पिपकडं वळतं. आणि बुल्सआयवरचं व्हेन्व्ह बॅकअपमधून उचलून आणू नका. त्यातली पॅकेजेस पायथन ३.९ च्या फोल्डरमध्ये असतात, बुकवर्म ३.११ चं फोल्डर बघतो. पॅकेजची यादी तेवढी जपायची, व्हेन्व्ह नवं करायचं.

एवढं करून मी सांगलीला परतलो. सकाळी मामांचा फोन: "आरं, रात्रीपास्नं आकडंच न्हाईत की!"

हातानं चालवलेला प्रोग्रॅम चालत होता, क्रॉनमधला (ठरल्या वेळी आपोआप चालणारा) नाही. लॉगमध्ये 'मॉड्यूल नॉट फाउंड'. क्रॉनच्या ओळीत जुनंच 'पायथन३' राहिलं होतं, म्हणजे सिस्टिमचं. व्हेन्व्ह मी फक्त माझ्या टर्मिनलमध्ये सुरू केलं होतं. क्रॉनला त्याचा पत्ताच नाही. ओळीत व्हेन्व्हच्या बिन फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण पाथ घातला.

१० मिनिटांनी ओळ उमटली: ३६ अंश, ३१ टक्के.