आरोग्य केंद्राच्या टीमसाठी ऑनलाइन प्रशिक्षण : अर्ज कुणामार्फत, कागदपत्रं कोणती

तज्ज्ञांकडून शिकायला दवाखाना बंद ठेवून पुण्या-मुंबईला जायची गरज आता उरलेली नाही. ‘इको’ पद्धतीच्या प्रशिक्षणात तज्ज्ञ आणि अनेक आरोग्य केंद्रं ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर एकत्र येतात. व्याख्यान थोडंच होतं, बाकी वेळ केंद्रांनी मांडलेल्या रुग्णांवर चर्चा चालते. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात हेपटायटिस सी साठी ही पद्धत सुरू केली. आपल्याकडे बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी ती वापरते.

वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, स्टाफ नर्स, आरोग्यसेविका, औषध निर्माण अधिकारी यांपैकी कुणाला घेणार, हे त्या-त्या अभ्यासक्रमाच्या सूचनेत असतं. सूचनेत टीमला परवानगी असेल तर डॉक्टरांनी एकट्याचं नाव कृपया देऊ नये. गोळ्या लिहून डॉक्टर देतात, पण त्या मध्येच बंद झाल्याचं आधी कळतं ते आरोग्यसेविकेला. ती चर्चेत नसेल तर अर्धी माहिती बाहेरच राहते.

सरकारी कर्मचाऱ्यांचा अर्ज योग्य मार्गानेच जायला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयाचा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शहरातल्या नागरी केंद्राचा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. खासगी फॅमिली डॉक्टर थेट आयोजकांकडे नोंदणी करतात. पंढरपूर, माळशिरसच्या केंद्रांनी आषाढीच्या वारी ड्युटीच्या तारखा अर्जातच लिहाव्यात, म्हणजे गैरहजेरीवरून पुढे वाद होत नाही.

कागदपत्रं साधी आहेत : पदवी प्रमाणपत्र, परिषदेची (डॉक्टर, परिचारिकांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेची) चालू नोंदणी, ओळखपत्र आणि सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांचं परवानगीपत्र. आधी नोंदणीची मुदत तपासा. एमबीबीएस डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे नोकरी-व्यवसाय करताना घेतलेल्या प्रशिक्षणाचे गुण, लागतात. ऑनलाइन सत्रांचे पॉइंट तिथे धरले जाणार का, किती मिळणार आणि मान्यता कुणाची आहे, हे आयोजकांकडून लेखी घ्या. बीएएमएस डॉक्टर आणि परिचारिकांच्या परिषदा वेगळ्या, त्यामुळे त्यांनी आपापल्या परिषदेचा नियम पाहावा.

सगळ्यात जपून भरायचा तो केस फॉर्म, म्हणजे चर्चेसाठी मांडायच्या रुग्णाची माहिती. समजा, विड्या वळणारी ४८ वर्षांची बाई आहे, तीन आठवडे खोकला, साखर वाढलेली, थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले. वय, लक्षणं, तपासण्या, चालू औषधं आणि तुमचा नेमका प्रश्न एवढंच लिहा. नाव, मोबाइल, निक्षय आयडी (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक), आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) नको. गाव लहान असेल तर गावाचंही नाव नको, कारण तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेलं नाव आणि लॅब रिपोर्टवरचा बारकोड फोटो काढण्याआधी कागदाने झाका. रुग्णाला काय करतोय ते समजावून तिची संमती घ्या आणि ती केसपेपरवर नोंदवा. तिचा आजार आपल्याला शिकवणार आहे, तेव्हा तिची ओळख जपणं ही आपलीच जबाबदारी आहे.

हजेरी बहुतेक ठिकाणी लॉगिनवरून लागते. ‘रेडमी’ किंवा ‘पीएचसी’ नावाने जोडलात तर ती सापडत नाही, म्हणून पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक टाका. एकाच स्क्रीनसमोर चौघं बसणार असाल तर सत्र सुरू होताच चौघांची नावं चॅटमध्ये लिहा. प्रमाणपत्र आल्यावर नावाचं स्पेलिंग परिषदेच्या नोंदीशी त्याच दिवशी ताडून पाहा आणि चूक असेल तर लगेच ईमेलवर कळवा.