फेला कुटीचे तीन बँड आणि उशिरा हाती आलेला सॅक्सोफोन

नायजेरियाचा गायक-वादक फेला कुटी याचं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं, गायक यायचा राहिलाय की काय. एक गिटार तोच छोटासा तुकडा घोळवत बसलेली असते, दुसरी तिच्या फटींमध्ये शिरते. शेकेरे, म्हणजे मण्यांची जाळी चढवलेला भोपळा, सळसळत असतो आणि दोन लाकडी दांड्या ठरलेल्या जागी टकटक करत असतात. मग ट्रंपेट-सॅक्सोफोनची फळी एकदम उठते. मग कुणीतरी सोलो घेतो, बहुतेक वेळा फेला स्वतःच. अशी कितीतरी मिनिटं गेल्यावर महाशय माइकपाशी येतात. सत्तरच्या दशकात त्याच्या एलपी तबकडीची अख्खी बाजू एकाच गाण्याला लागायची.

या संगीताला अफ्रोबीट म्हणतात. जॅझ अधिक पश्चिम आफ्रिकेचा ताल, अशी त्याची सोपी बेरीज सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते, कारण तिथली माणसं जॅझ कानावर पडायच्या आधीपासून विलायती वाद्यं फुंकत होती.

ही गोष्ट गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात सुरू होते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ब्रिटिश किल्ल्यांवर वेस्ट इंडीजचे सैनिक तैनात असत. त्यांच्या लष्करी बँडांमुळे आणि मिशनच्या शाळांमुळे स्थानिक पोरांच्या हाती पितळी वाद्यं आली. कवायतीच्या धून शिकता शिकता त्यांनी त्यात आपला ठेका घातला. (गोव्यात चर्चच्या शाळांनी नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड आणि पुढे हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरून काढले. वाट साधारण तीच.) १९२० च्या दशकात किनाऱ्यावरच्या शहरांत बड्या लोकांच्या क्लबांत हे संगीत वाजू लागलं. तिकीट आणि उंची कपडे न परवडणारे लोक बाहेर उभे राहून ऐकायचे आणि आतल्या थाटाला 'हायलाइफ' म्हणायचे. तेच नाव संगीताला चिकटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ई. टी. मेन्सा यांच्या टेम्पोज बँडनं हायलाइफला आटोपशीर, झकास डान्स बँडचं रूप दिलं. मेन्सा पेशानं फार्मासिस्ट होते आणि ट्रंपेट, सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचे. १९५० पासून त्यांचे नायजेरियात दौरे झाले आणि लागोसच्या बँडांनी तो साज उचलला. १९५६ मध्ये अमेरिकेचा जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग घानाच्या राजधानीत, अक्रात आला, तेव्हा तिथल्या वादकांबरोबर त्याची मैफल जमली.

फेलाचा जन्म १९३८ चा, नायजेरियातल्या आबेओकुटाचा. वडील पाद्री आणि शाळेचे मुख्याध्यापक. आई फुन्मिलायो यांनी बाजारातल्या बायकांना संघटित करून कराविरुद्ध असा लढा दिला की १९४९ मध्ये तिथल्या राजाला गादी सोडून जावं लागलं. अशा घरातल्या मुलानं डॉक्टर व्हावं ही अपेक्षा ओघानं आलीच, आणि दोन भाऊ झालेही. फेला १९५८ मध्ये लंडनला गेला तो ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. वाद्य होतं ट्रंपेट. सॅक्सोफोनचा अजून पत्ता नव्हता. कूला लोबिटोस हा पहिला बँड त्यानं तिथेच जमवला. १९६३ मध्ये परतल्यावर रेडिओवर नोकरी धरली आणि त्याच नावाचा बँड लागोसमध्ये नव्यानं बांधला.

हा बँड जे वाजवायचा त्याला फेला 'हायलाइफ जॅझ' म्हणायचा. लोकांना मात्र ते पचत नव्हतं. नाचायला आलेल्यांपुढे जॅझचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भराभर बदलत राहिले तर पाय थबकणारच. त्यातच सिएरा लिओनचा जेराल्डो पिनो अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या धर्तीवरचं सोल संगीत घेऊन लागोसमध्ये आला आणि गर्दी तिकडे वळली. कूला लोबिटोसची या काळातली खरी कमाई म्हणजे टोनी ॲलन. आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच या जॅझ ड्रमवादकांच्या रेकॉर्डी ऐकून हा माणूस स्वतःच ड्रम शिकला होता. त्याचे चार हातपाय चार वेगळ्या गोष्टी बोलायचे आणि तरी सगळं एकाच गप्पेत बसायचं.

१९६९ मध्ये बँड अमेरिकेला गेला. पैशांची चणचण, व्हिसाची कटकट, सगळं झालं. लॉस एंजेलिसमध्ये सॅन्ड्रा स्मिथ या कृष्णवर्णीय चळवळीतल्या तरुणीनं फेलाला कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र वाचायला दिलं. आफ्रिकेकडे बघायची नजर आफ्रिकेच्या या पोराला कॅलिफोर्नियात मिळाली, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. संगीतातही छाटणी झाली. कॉर्डांची धावपळ संपली, एक-दोन कॉर्डांवर ठाण मांडून ठेका फिरवत ठेवायचा आणि वर हॉर्न, म्हणजे ट्रंपेट-सॅक्सोफोन, सोडायचे, असं ठरलं. बँड आधी नायजेरिया ७० झाला, मग आफ्रिका ७०. गाण्याची भाषा झाली पिजिन इंग्रजी, म्हणजे तिथली सरमिसळ बोली, लागोसपासून अक्रापर्यंत कळणारी.

सॅक्सोफोन आला तो नाइलाजानं. १९७३ च्या सुमारास टेनर सॅक्सोफोन वाजवणारा इगो चिको बँड सोडून गेला आणि फेलानं हट्टानं ते वाद्य स्वतः उचललं. तो जॅझच्या थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या पंगतीतला वादक कधीच नव्हता. सूर खरखरीत, वाक्यं तुटक, पण ती ठेक्यात अचूक रुतायची. माझ्या मते त्याचं खरं वाद्य अख्खा बँड होता. बॅरिटोन सॅक्सोफोनवर लेकन अनिमाशाउन खालून भिंत उभी करायचा आणि तिला टेकून बाकीचे खेळायचे. एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं फेला स्टेजवर सहसा वाजवायचा नाही. श्राइन या त्याच्या क्लबात गाणी महिनोन्‌महिने घोटली जायची आणि तबकडी निघाली की तो विषय संपायचा.

लष्कराची टर उडवणाऱ्या 'झॉम्बी' या गाण्यानंतर १८ फेब्रुवारी १९७७ ला सैनिकांनी त्याचं घर जाळलं. आईला खिडकीतून खाली फेकलं, पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्याच १९७७ मध्ये शिकागोच्या आर्ट एन्सेम्बल या जॅझ बँडचा ट्रंपेटवादक लेस्टर बोवी लागोसला येऊन राहिला आणि फेलाच्या 'नो अॅग्रीमेंट' या रेकॉर्डमध्ये वाजवून गेला. अवांगार्द, म्हणजे प्रयोगशील, जॅझमधला हा माणूस त्या ठेक्यात कुठेही पाहुण्यासारखा वाटत नाही.

१९७८ च्या बर्लिन जॅझ महोत्सवानंतर टोनी ॲलन बाहेर पडला. तिसऱ्या बँडला फेलानं नाव दिलं इजिप्त ८०. प्राचीन इजिप्त हे मुळात काळ्या आफ्रिकेचं, हा सेनेगलचे विद्वान शेख अंता दिओप यांचा विचार त्यामागे होता. ताफा वाढला, गाणी आणखी लांबली, चाल जड झाली. १९८४ मध्ये परकीय चलनाच्या आरोपावरून तो सुमारे २० महिने तुरुंगात गेला, तेव्हा थोरला मुलगा फेमी सॅक्सोफोन घेऊन बँडपुढे उभा राहिला. पुढे फेमीनं स्वतःचा बँड काढला. १९९७ मध्ये फेला गेला तेव्हा धाकटा शेउन १४ वर्षांचा होता. इजिप्त ८० त्याच्याकडे आला, आणि अनिमाशाउन पुढे कित्येक वर्षं त्या पोराच्या मागे तोच बॅरिटोन घेऊन उभा होता.