निसर्ग-अंगण (बालशिक्षण)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना माती, पाणी, झाडे आणि किडामुंगी यांच्या संगतीत खेळता-खेळता शिकता यावे म्हणून राखलेली उघडी जागा. घसरगुंडीवर काय करायचे ते आधीच ठरलेले असते. इथे खेळ मूल ठरवते. करवंटी सकाळी भातुकलीतले पातेले असते, दुपारी होडी. असे अंगण करताना सामान आणण्याआधी जमीन मोकळी करावी लागते. ठाणे आणि नवी मुंबईत हेच काम सर्वांत अवघड, कारण शाळांची आणि सोसायट्यांची आवारे बहुतेक पेव्हर ब्लॉकखाली गेली आहेत.

फ्रीडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत बाद ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या बालोद्यानात प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे. ठाणेकरांना मात्र याहून जवळचा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वाढवले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. दगड, बिया, पाने, शिंपले हेच तिथले साहित्य. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शहरातल्या अनेक अंगणवाड्या आज एका खोलीत भरतात. त्यांना चार हात माती मिळणे हा चैनीचा विषय नाही.

जागा ठरवण्यापूर्वी एक पावसाळा नुसता पाहावा. या पट्ट्यात वर्षाला सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठे माती धुऊन नेते, हे कळले की अंगणाचा आराखडा निम्मा झालाच. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीला ढाळ असतो; तिथे एक उथळ चर काढून दगडगोटे ठेवले की मुले बांध घालू लागतात. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव घालून वसलेला आहे. तिथे गादीवाफे उंच करावे लागतात आणि खारटपणा सोसणारी झाडे निवडावी लागतात. करंज चांगला, सावलीही दाट. भेंडीचे झाड (भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठची) त्याहून चांगले, कारण त्याचे पिवळे फूल कोमेजताना लालसर होते आणि ते मुलांच्या नजरेतून सुटत नाही. पोडियमवर (सोसायटीच्या पार्किंगवरच्या गच्चीवर) मातीचा थर पातळ असल्याने मोठ्या झाडाचा हट्ट धरू नये. पालेभाजी, तुळस, गवती चहा पुरे. कुंपणाला अडुळसा लावला तर बकऱ्या तोंड लावत नाहीत.

गुंज, कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि एरंड अंगणात नकोत. गुंजेची लाल-काळी बी तर मूल हमखास उचलते आणि ती जहाल विषारी आहे. वाळूचा हौद रात्री झाकावा, नाहीतर मांजरे घाण करतात. पाण्याची घंगाळी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. अतिवृष्टीत बाहेरचे पाणी आत शिरले तर लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने ते ओसरून जागा साफ होईपर्यंत अंगण बंद ठेवावे. या काळजीपोटी अंगणच फरशीने झाकून टाकणे हा उपाय नव्हे. गुडघा खरचटण्याइतका धोका मुलाला हवाच असतो.

खरे कौशल्य मुलांना सांभाळणाऱ्या ताईचे. जूनमध्ये ओल्या पाचोळ्यातून वाणी (खूप पायांचा लांबट किडा) निघते. मूल काडी लावते, वाणी चकलीसारखी वेटोळी होते. मूल मागे सरते, पुन्हा उकिडवे बसते. बराच वेळ काही घडत नाही. मग वेटोळे सैल होते आणि पाय एकामागून एक लाटेसारखे हलू लागतात. या वेळात ताईने ‘हिला किती पाय?’ असे विचारले की खेळ संपतो. तिने शेजारी बसावे, नंतर हात धुऊन घ्यावेत. मोजणी मुले स्वतःच करंजाच्या शेंगांवर करतात.

दिवाळीतला किल्ला याच अंगणात करावा. दगड रचायचे, वर चिखल थापायचा, त्यावर अळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवा. सुट्टीनंतर तो मोडू नये. ऊन त्याला भेगा पाडते, मुंग्या घर करतात, पुढच्या पावसात तो खाली उतरतो आणि नव्याने आलेली मुले त्याच मातीचा चरावर बांध घालतात.