पुण्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधनाचा आरंभकाळ

भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाला संस्थात्मक रूप आले ते १९८०च्या दशकात. त्या घडणीत पुण्याच्या वाट्याला आलेले काम प्रामुख्याने भाषेचे होते. देवनागरी अक्षर संगणकात साठवायचे कसे, वाक्याची रचना यंत्राला उलगडून दाखवायची कशी आणि सरकारी इंग्रजी मजकुराचे भाषांतर त्याच्याकडून करवून घ्यायचे कसे, या तीन प्रश्नांभोवती ते फिरत राहिले. प्रस्तुत नोंदीत साधारणपणे १९८१ ते २००३ हा काळ घेतला आहे.

देशातील पार्श्वभूमी

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा अमेरिकेतील डार्टमथ येथे १९५६ साली झालेल्या परिषदेपासून रूढ झाली. भारतात तेव्हा मुळात संगणकच दुर्मीळ होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बाहेरून आणलेले एक यंत्र होते, तर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतःचे यंत्र बांधत होती. ‘टिफ्रॅक’ नावाचे हे यंत्र १९६०मध्ये पूर्णपणे कामाला लागले. ते बांधणाऱ्यांतील प्रमुख आर. नरसिंहन यांनी पुढे चित्रांच्या ‘व्याकरणा’वर काम केले. वाक्य जसे शब्दांनी व शब्दांच्या नात्यांनी बनते, तसे चित्रही रेषांनी व रेषांच्या नात्यांनी बनते. म्हणून चित्र ओळखायचे तर त्याची रचना वाचता आली पाहिजे, असा त्यांचा विचार होता. भारतातील या क्षेत्राची सुरुवात इथून धरावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पुण्यात पुढे जे घडले, त्यातही रचना वाचण्याचाच ध्यास दिसतो.

जपानने १९८२ साली ‘पाचव्या पिढीच्या संगणका’चा, म्हणजे तर्क करू शकणाऱ्या यंत्राचा, प्रकल्प हाती घेतला आणि जगभरची सरकारे जागी झाली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात एकेका संस्थेकडे एकेक शाखा सोपवली होती. वाणी टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे, प्रतिमा सांख्यिकी संस्थेकडे, समांतर संगणन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, तज्ज्ञ प्रणाली, म्हणजे जाणकाराचे ज्ञान नियमांत बांधून सल्ला देणारे कार्यक्रम, मद्रासच्या आयआयटीकडे. मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखाली या कार्यक्रमातले बरेच काम झाले. ‘विद्वान’ हा तज्ज्ञ प्रणाली उभारण्याचा सांगाडा तिथेच तयार झाला. संरक्षण संशोधन संघटनेने याच वर्षी बंगळूरला कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानवशास्त्राचे स्वतंत्र केंद्र काढले.

केंद्रांच्या या यादीत पुण्याचे नाव नव्हते.

गणेशखिंडीतील सी-डॅक

पुण्यात त्याआधी संगणकविषयक संशोधन नव्हते असे नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र पुण्यात सुरू झाले होते आणि कानपूर आयआयटीतून आलेले ई. सी. सुब्बाराव त्याचे संस्थापक संचालक होते. परंतु त्या केंद्राचा भर औद्योगिक प्रक्रिया आणि सॉफ्टवेअरनिर्मितीचे शास्त्र यांवर होता.

वळण आले ते महासंगणकामुळे. भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. त्याचा वापर संरक्षणासाठी होईल या शंकेने अमेरिकेने मागणीपेक्षा कमी ताकदीचे यंत्र देऊ केले, तेही हवामानाच्या अंदाजापुरते आणि अटी घालून. या अनुभवानंतर १९८८मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सी-डॅक, पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर हे त्याचे पहिले प्रमुख. ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या चिपा जोडून बनवलेला ‘परम ८०००’ १९९१ साली लोकांसमोर आला. ही कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच छताखाली चाललेले भाषेचे काम मात्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर क्वचितच आले. वास्तविक आज मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांशी त्या कामाचा संबंध आहे.

लिपी : जिस्ट आणि इस्की

देवनागरी संगणकावर आणण्याचे प्रयत्न कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले होते. त्यातून घडलेले ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्यासह १९८८च्या सुमारास पुण्यात सी-डॅककडे आले. ‘ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी’ या त्याच्या विस्तारातच ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द आहे आणि तो शोभेसाठी घातलेला नाही.

टंकलेखन यंत्रावर देवनागरी लिहिताना अक्षराचे तुकडे जोडावे लागत : अर्धा क, काना, वेलांटी. सुरुवातीच्या बहुतेक संगणकीय फाँटांनीही हीच रीत उचलली. त्यामुळे कागदावर अक्षर सुबक उमटे, पण संगणकाला ते शब्द कळत नसत. शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, फाँट बदलला की मजकुराचा चिवडा होई. जिस्टने हा क्रम उलटवला. साठवायचा तो उच्चार. आकार ठरवायचा यंत्राने. ‘क्ष’साठी क, हलन्त आणि ष एवढेच साठवायचे. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण बोलताना क आधी येतो, म्हणून साठवतानाही क आधीच. कोणत्या व्यंजनापुढे काय आले की कोणते रूप दाखवायचे, याचे नियम यंत्रात भरलेले असत. सुरुवातीच्या संगणकांत हे सगळे वेगळ्या जिस्ट कार्डावर चाले.

मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे एक उदाहरण आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. फरक आहे तो केवळ र जोडण्याच्या पद्धतीचा. हिंदीला या दुसऱ्या र-ची गरज पडत नाही, मराठीला रोज पडते : दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली मान्य केलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत त्यासाठी खाली बिंदू असलेला ऱ आणि हलन्त अशी सोय ठेवली गेली. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतातील प्रमुख लिप्यांना इस्कीत एकच संकेतसंच होता, त्यामुळे मराठी मजकूर एका आज्ञेसरशी कन्नड किंवा बंगाली लिपीत पाहता येई. पुढे जगभर रूढ झालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. ऱ-चा तो नियमही युनिकोडने इस्कीशी सुसंगत राहण्यासाठी म्हणून स्वीकारला. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकाची वंशावळ हीच.

याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणावे का, असा प्रश्न आज विचारला जाईल. नियमांत बांधलेले ज्ञान यंत्राने प्रसंग पाहून वापरणे, अशी त्या काळची व्याख्या होती आणि जिस्ट त्यात बसते. शिवाय ज्या भाषेची अक्षरेच यंत्राला धड साठवता येत नाहीत, तिच्या वाक्यांचा अर्थ लावण्याची गोष्ट फार दूरची.

अरविंद जोशी यांचे व्याकरण आणि ‘मंत्र’

अरविंद जोशी यांचा जन्म पुण्यात १९२९ साली झाला. पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९५०मध्ये घेतली, बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत दळणवळण अभियांत्रिकी शिकले आणि नंतर अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्वेनिया विद्यापीठात गेले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी वाक्यांचे पृथक्करण करणारा जो अगदी आरंभीचा संगणक कार्यक्रम तिथे झाला, त्यात ते होते. १९७५ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह वृक्षजोड व्याकरणाची मांडणी केली.

या व्याकरणात मूळ एकक म्हणजे झाड. प्रत्येक शब्द आपले छोटे झाड घेऊनच येतो. ‘नियुक्ती करणे’ या क्रियेच्या झाडाला काही मोकळ्या फांद्या असतात : कोणी, कोणाची, कोणत्या पदावर. नामांची झाडे त्या फांद्यांवर जाऊन बसतात. दुसरी क्रिया कलम बांधण्यासारखी आहे. झाड मध्येच कापायचे, तिथे दुसरे झाड बसवायचे आणि कापलेला भाग त्या नव्या झाडाच्या टोकाला पुन्हा जोडायचा. विशेषणे, क्रियाविशेषणे, पोटवाक्ये अशी आत शिरतात.

याचा फायदा मराठी वाक्यावरून चटकन कळतो. ‘वही मी आणली’, पण ‘पुस्तक मी आणले’. आता ‘वही मी काल भर पावसात मंडईपर्यंत चालत जाऊन एकदाची आणली’ असे म्हटले, तरी ‘आणली’चे लिंग ठरवते ती पार सुरुवातीची वही. शब्द ओळीने वाचत जाणाऱ्या यंत्राला हे अंतर अडचणीचे ठरते. जोशी यांच्या व्याकरणात मात्र वही आणि आणली मुळात एकाच झाडावर असतात; मधला सगळा पसारा कलमाने आलेला असतो. नाते जिथल्या तिथे राहते.

सी-डॅकच्या उपयोजित कृत्रिम बुद्धिमत्ता गटाने हेमंत दरबारी यांच्या नेतृत्वाखाली हेच व्याकरण हाती घेतले. त्यावर आधारलेला ‘व्याकर्ता’ हा पृथक्करण कार्यक्रम आधी झाला आणि मग १९९०च्या दशकात ‘मंत्र’ ही इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करणारी प्रणाली आली. इंग्रजी क्रियापदाच्या झाडाला हिंदी क्रियापदाचे झाड जोडून ठेवायचे आणि दोन्हींच्या फांद्यांची गाठ मारायची. मग इंग्रजीतले मधले क्रियापद हिंदीत वाक्याच्या शेवटी नेण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही; हिंदी झाडावर त्याची जागा शेवटीच असते.

मंत्रकडून सगळ्या इंग्रजीचे भाषांतर करवून घेण्याचा अट्टहास गटाने केला नाही, हा त्यांचा शहाणपणा. केंद्राच्या राजभाषा विभागासाठी हे काम होते. म्हणून नेमणुका, बदल्या, राजपत्रातील अधिसूचना, कार्यालयीन आदेश एवढेच क्षेत्र घेतले. सरकारी भाषा ठरावीक साच्याची असते. ‘नियुक्ती करण्यात येत आहे’ हे वाक्य हजार आदेशांत तसेच्या तसे भेटते आणि तिथे शब्दाला दोन अर्थ फुटण्याची शक्यता कमी. या क्षेत्रात नियमांवर चालणारी प्रणाली खरोखर उपयोगी पडू शकत होती. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या १९९९च्या नवोपक्रम संग्रहात मंत्रचा समावेश झाला. पुण्यात जन्मलेल्या माणसाने फिलाडेल्फियात घडवलेले व्याकरण पुण्यात परत आले आणि दिल्लीच्या कचेऱ्यांसाठी राबले, याचा पुणेकरांनी मोकळेपणाने अभिमान बाळगावा.

शब्दसंग्रहाचे काम

इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९९०-९१च्या सुमारास भारतीय भाषांच्या तंत्रविकासाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक मोठ्या भाषेतील सुमारे ३० लाख शब्दांचा मजकूर यंत्रात भरायचा होता. मराठी आणि गुजराती ही जबाबदारी पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आली. (हे महाविद्यालय येरवड्याला आहे, डेक्कन जिमखान्यावर शोधत फिरणारे अजून भेटतात.) १९८१ ते १९९० या काळात छापलेली पुस्तके व नियतकालिके निवडून त्यांतील उतारे हातांनी टंकित करायचे, असे हे कष्टाचे काम होते. संस्कृत महाकोशासाठी १९४८पासून लाखो चिठ्ठ्या जमवणाऱ्या संस्थेला अशा चिकाटीची सवय होती.

मराठीच्या बाबतीत नुसता शब्द मोजणेही सोपे नाही. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा ही सगळी यंत्राच्या लेखी वेगवेगळी अक्षरमाळ आहे. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते : घोडा–घोड्याला, पुणे–पुण्याला, विहीर–विहिरीत. मूळ शब्द गाठायचा तर हे नियम उलटे चालवावे लागतात.

संस्कृतविषयीचा एक गैरसमज

‘संगणकासाठी संस्कृत सर्वोत्तम असे नासाने सांगितले’ हे वाक्य पुण्यात व्याख्यानमालांतून पुष्कळदा ऐकू येते. त्याचे मूळ नासाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ सालच्या लेखात आहे. शास्त्रकार एखाद्या वाक्याचा अर्थ कर्ता, कर्म, करण अशा नात्यांत फोडून निःसंदिग्ध करतात, ती पद्धत संगणकातील ज्ञानजालांशी, म्हणजे संकल्पना व त्यांची नाती मांडणाऱ्या जाळ्यांशी, जुळते, असे त्यांनी दाखवले होते. संस्कृतात संगणक चालवावा असा त्याचा अर्थ नव्हता, नासाचे ते अधिकृत मतही नव्हते. या विषयावर १९८६मध्ये बंगळूरला परिषद झाली. पाणिनीच्या कारकविचाराचा, म्हणजे क्रियेशी असलेल्या कर्ता-कर्मादी नात्यांच्या विचाराचा, खरा वापर केला तो कानपूरला विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘आंबा रामाने खाल्ला’ यांत शब्दक्रम बदलला तरी खाणारा रामच राहतो. अशा भाषांना क्रमापेक्षा कारकांचा आधार घेणारे व्याकरण अधिक मानवते. प्राचीन शास्त्राचा हा उपयोग कोणत्याही दंतकथेपेक्षा मोलाचा आहे.

भाषेबाहेर

१९९०च्या दशकात पुण्यातील इतर प्रयोगशाळांत मज्जाजालांचा, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालींचा वापर सुरू झाला. विद्यापीठाच्याच आवारातील आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत रंजन गुप्ता, रवी गुलाटी आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण मज्जाजालांकडून करवून घेतले. १९९४मध्ये ते प्रसिद्ध झाले. तोवर असे वर्गीकरण मुख्यतः जाणकार डोळ्यांनी केले जाई. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संजीव तांबे व भा. दा. कुलकर्णी यांनी हीच पद्धत रासायनिक अभिक्रिया आणि संयंत्रांच्या नियंत्रणासाठी वापरली. या मंडळींना बुद्धी म्हणजे काय या प्रश्नाशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांच्याकडे मोजमापांचे ढीग होते आणि त्यांतून संगती काढायची होती. पुढच्या काळात सगळे क्षेत्र ज्या वाटेने गेले, ती हीच वाट.

जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाले. १९८६च्या कार्यक्रमातील त्या केंद्राचा वारसा अशा रीतीने पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेकडे आला.