काळी टेप गाडीत कुठून आली?

पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्याला ये-जा करणाऱ्या गाडीचं बॉनेट उघडा. वायरींच्या दुरुस्तीच्या जागी गुंडाळलेली काळी टेप बऱ्याचदा सुटलेली असते, चिकट झालेली, वर तांबडी माती बसलेली. मेस्त्री ती काढतात आणि तसलीच नवी गुंडाळतात. या सवयीचं मूळ बरंच जुनं आहे.

सुरुवातीच्या मोटारींत वायरिंग फारसं नव्हतंच. १९१२ च्या मॉडेलला कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर दिला, दिवेही विजेवर आले आणि तारांचा जुडगा वाढला. तेव्हा तांब्याच्या तारेवर रबर, त्यावर सुती धाग्याची वीण आणि वरून रोगणाचा हात असे. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालत. ते तांब्याला खातं, म्हणून तारेला कथलाचा मुलामा. जुडगा डांबर पाजलेल्या कापडी नळीत जाई. पण ओलीनं सूत कुजायचं आणि उष्णतेनं रबराला भेगा पडायच्या.

अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करण्याची रीत शोधली. गाड्यांत मात्र ते रुळलं दुसऱ्या महायुद्धानंतर. तारेवर पीव्हीसी, जुडग्यावर टेपही पीव्हीसीचीच. ॲम्बेसिडरच्या पिढीला एवढं पुरलं, कारण वायर मोजक्या होत्या आणि बॉनेटखाली वारा खेळायला जागा होती. घराच्या फिटिंगला वापरायची टेप गाडीलाही चालते, हा समज मला वाटतं तिथलाच.

आजच्या इंजिनात तो चालत नाही. साधी टेप ८० अंश सेल्सिअसच्या आसपास हार मानते. गोंद पाझरतो, पीव्हीसीतला मऊपणा उडून जातो आणि ती ताठ होऊन तडकते. एक्झॉस्टजवळची उष्णता याच्या कितीतरी पुढची.

इंधन-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर गेला, इंधनाचं इंजेक्शन आलं, १ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले, तसे सेन्सर वाढत गेले. काही तर थेट एक्झॉस्टच्या पाइपावरच बसतात. त्यांच्या तारांवरची चंदेरी नळी काचतंतूंची असते, बाहेरून ॲल्युमिनियम. बाकी जुडग्यावर नायलॉनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची वळ्यावळ्यांची, एका बाजूनं चिरलेली नळी. ती हवी तशी वळते, घासणं स्वतः सोसते, आणि चिरेतून एखादी वायर बाहेर काढून पुन्हा आत बसवता येते. दुरुस्तीत ती काढून फेकली, की नुसत्या टेपवर घाटातली ओल आणि घर्षण दोन्ही येतं. त्या जागी पॉलिस्टरची कापडी टेप मागून घ्यावी, थोडी महाग पडली तरी.

उंदरांना मात्र या नळीची फारशी भीती नाही. भाताच्या शिवारालगत गाडी आठवडाभर उभी राहिली, की कुरतडलेली वायर सापडते. होंडानं यासाठी तिखटातलं कॅप्सेसिन लावलेली टेप काढली आहे. संकेश्वरी मिरचीच्या मुलखाला तिचं तत्त्व समजावून सांगायला नको.